मेथीच्या वाफ्यातली घाण

मंगळवार, संध्याकाळ

किती वेळा साबणाने हात धुतले, तरी बोटांचा वास जात नाही. शी! मेथी खुडायला वाफ्यात हात घातला आणि बोटं थेट मांजराच्या घाणीत. मऊ, ओली, ताजी.

मांजरं शेजारच्या शबानाभाभींची. दूध त्यांच्या घरी पितात आणि पुढचं सगळं माझ्या वाफ्यात. आज मात्र राहवलं नाही. भिंतीवरूनच ओरडले, "भाभी, तुमच्या मांजरांना माझाच वाफा कशाला लागतो?"

त्या आल्या, वाकून वाफा बघितला. "अगं, चुलीतली राख पसरलीस की तू. इतकी मऊ राख दिसल्यावर मांजर दुसरीकडं कशाला जाईल?"

मेथीवर माव्याची कीड पडू नये म्हणून पाणी तापवायच्या चुलीतली राख मीच चाळते, बारीकसारीक खडे काढते, हाताने सारखी पसरते. म्हणजे मांजरांची सोय मीच करून देत होते? आणि आजवर खुडलेली ती सगळी मेथी... धुतली होती ना नीट? धुतली असेल.

पुन्हा बोटं हुंगली. आहेच वास.

आत आले तर सासूबाई सकाळची मेथीची भाजी भाकरीवर घेऊन जेवत होत्या. बोटं चाटत म्हणाल्या, "लई चवदार झालीय. राख मानवली बघ तुझ्या मेथीला."

मी "हो" म्हणाले आणि परत साबण शोधायला गेले.