भित्र्या नावाड्याच्या मुलीचे मृत्युपत्र

मी, या गावातल्या पुस्तके भाड्याने देणाऱ्या वाचनालयाची मालकीण, गुडघ्यांनी अधू पण डोक्याने शाबूत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. धाक घालायला घरात कोणी उरलेलेही नाही. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, मी सांगितला, मग त्यांनी कॅलेंडरात बघून खात्री करून घेतली. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे खाली वाचनालय आणि वर दोन खोल्या, माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एका मुलीचे. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. जिन्याची एक पायरी हलते, तिने जपून चढावे. यजमानांची आरामखुर्ची जावयांना द्यावी. ते इथे आले की तिच्यात बसून झोपेचे सोंग घेतात आणि माझ्याशी बोलणे टाळतात. यापुढे त्यांनी ते हक्काने करावे.

कलम २. डिंकाचे भांडे, ब्रश, दाभण, दोरा आणि पुस्तके दाबून ठेवायची लाकडी चौकट ज्याला हवी त्याने न्यावी. ही हत्यारे माझ्या वडिलांची. ते मूळचे बेटावरचे नावाडी. बेटावरची वस्ती उठल्यावर मी त्यांना इथे आणले, आणि शेवटची वर्षे त्यांनी खिडकीपाशी बसून फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यात घालवली. त्यांना वाचता येत नव्हते. पुस्तक उलटे बांधले जाऊ नये म्हणून मी पहिल्या पानावर पेन्सिलीने फुली करून द्यायची.

कलम ३. वाचनालयातील सर्व पुस्तके शाळेला द्यावीत. फक्त बेटावरच्या गोष्टींचे ते प्रसिद्ध पुस्तक, त्याच्या सगळ्या प्रती, रद्दीत घालाव्यात. याने काहीही होणार नाही हे मला ठाऊक आहे. ते पुस्तक घरोघरी आहे.

कारण लिहून ठेवते. लेखक थोर होते, बेटावर आमच्याच घरी माडीवर भाड्याने राहत. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गोष्टीत बेटावर एक सडाफटिंग नावाडी आहे. शेजारीण अत्यवस्थ असते, पलीकडून डॉक्टर आणायचा असतो, समुद्र खवळलेला असतो, आणि नावाडी होडीपाशी गुडघ्यांत डोके घालून बसून राहतो. शेजारीण जाते. गोष्ट संपते.

ती शेजारीण नव्हती. ती माझी आई. भर दुपार होती, मी तिच्या उशाशी होते. बाबा वल्ही घ्यायला घरात आले तेव्हा तिने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही जाऊ नका. मी तर चाललेच आहे. तुम्हीही बुडालात तर पोरीला कोण?" बाबा बाहेर जाऊन होडीपाशी बसले. माडीच्या खिडकीतून लेखकांना तेवढेच दिसले. खाली घरातले बोलणे त्यांना ऐकू गेले नाही, आणि त्यांनी विचारलेही नाही. बायकोची शेजारीण केली, कारण तशाने वाचकाला नावाड्याची जास्त चीड येते. मला जगवण्यासाठी जो माणूस किनाऱ्यावर बसून राहिला, तो साऱ्या मुलखात भित्रा ठरला.

आमच्या वाचनालयाचा नियम असा, की पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानांवर आपले मत लिहायचे, तरच पुढचे पुस्तक मिळेल. नियम माझाच, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? बँकेतल्या साहेबांनी लिहिले, "नावाडी म्हणजे भ्याडपणाचा अर्क." नव्या लग्नाच्या एका मुलीने लिहिले, "फार रडले. असला शेजार कोणाला मिळू नये." मुख्याध्यापकांनी लिहिले, "मनुष्यस्वभावाचे अचूक दर्शन." पाने भरली की बाबाच मागे नवी कोरी पाने शिवून द्यायचे. एकदा एक बाई पुस्तक परत करताना काउंटरवरच डोळे पुसू लागल्या. त्या गेल्यावर बाबांनी विचारले, कशाने रडत होती? मी सांगितले, सगळी गोष्टच सांगितली. ते बराच वेळ पुठ्ठ्याला डिंक लावत राहिले. मग म्हणाले, "रडली म्हणजे चांगली लिहिली असणार."

बाबा वारल्यावर मी त्याच पानांवर, वर सांगितली तशी सगळी हकीकत लिहिली आणि खाली सही केली. वाटले, आता लोक वाचतील. लोकांनी वाचली. माझ्या सहीखाली साहेब लिहितात, "मालकीणबाईंचा शेवटही बरा आहे, पण मूळ गोष्ट अधिक परिणामकारक." मुख्याध्यापकांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या. माझ्या आईच्या मरणाला वाचकांनी जेमतेम पास केले.

कलम ४. छताचा पंखा समोरच्या शिंप्याला द्यावा. त्या पुस्तकाबद्दल त्याने लिहिले होते, "समुद्र फार आहे. कंटाळा आला. अर्धेच वाचले." माझ्या बाबांना नावे न ठेवणारा हा एकच वाचक. चांगला पंखा आहे, आवाज करत नाही.

कलम ५. बेटावरचे घर. भिंती अजून उभ्या आहेत म्हणे. सहलीच्या लाँचवाल्यांनी तिथे पाटी लावली आहे, 'भित्र्या नावाड्याचे घर', आणि लोक दारात उभे राहून फोटो काढतात. घर दुरुस्त करू नये, विकू नये, पाटीवरून कोणाशी भांडू नये. पडेल तेव्हा पडू द्यावे.

कलम ६. माझी मुलगी शिक्षिका आहे आणि दर वर्षी हीच गोष्ट वर्गाला शिकवते. 'नावाड्याच्या भित्रेपणाची कारणे लिहा' हा प्रश्न ती स्वतः काढते. मी तिला विचारले, तुला लाज कशी वाटत नाही? ती रागावली नाही, तिने मला समजावले. "आई, मी गोष्ट शिकवते, आजोबा नाही शिकवत. आणि तू तेव्हा केवढीशी होतीस? लहानपणीचं माणूस मागाहून रचतं गं." तिच्या आवाजात माया होती, म्हणून जास्त लागले.

घर मिळण्यासाठी तिने एकदा, एकाच वर्गाला, खरे काय घडले ते सांगावे, अशी अट मी घालणार होते. वकील म्हणाले, असली अट टिकणार नाही. म्हणून अट नाही, विनंती आहे. फोनवर तिला तसे सांगितले. ती म्हणाली, बघू. तिचे 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला ती चालायला लागल्यापासून माहीत आहे. घर तिचेच. माझ्यानंतर ती दुपार डोळ्यांनी पाहिलेले दुसरे कोणी नाही.

कलम ७. माझ्यामागे बाबांचे वर्णन तरी राहावे. त्यांचा फोटो कधी काढला गेला नाही. साक्षीला आलेले निवृत्त पोस्टमन म्हणाले, तुम्ही सांगा बाई, मी कच्चे लिहून घेतो. मी सांगू लागले: छातीपर्यंत दाढी, डाव्या भुवईवर व्रण, बोलताना खाली बघायची सवय. पोस्टमननी लिहिणे थांबवले. ते भले गृहस्थ आहेत, आधी पाणी प्यायले.

मग म्हणाले, "बाई, हे तर गोष्टीतलं आहे."

मी पुस्तक काढून पाहिले. दाढी, व्रण, खाली बघणे, त्याच क्रमाने. दुसरे काही आठवते का म्हणून मी पुस्तक मिटून डोळे मिटले. दुसरे साक्षीदार डॉक्टर, त्यांनी घाई केली नाही. मला काहीही आठवले नाही. हे कलम कोरे सोडावे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. दोघा साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

लिहून देणार: वाचनालयाची मालकीण (सही)
साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. निवृत्त पोस्टमन, वाचक (सही)
ठिकाण: वाचनालय, खिडकीजवळचे टेबल
तारीख: डॉक्टरांनी कॅलेंडरात बघून घातली ती