बाबांना सूट

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. तो मनातल्या मनात वाकून केलेला आहे असं समजावं. जहाजावरून उतरल्यापासून प्रत्यक्ष वाकलं की सगळं घर एका बाजूला कलतं आणि मला कपाटाला धरावं लागतं. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचं बिनमिठाचं जेवण खरंच चालू आहे, की तुमची पाठ वळली की मिठाची बरणी आपोआप त्यांच्या ताटाशी येते? मुलीच्या लग्नाच्या धावपळीत तुम्हाला पत्रं वाचायला सवड नसणार हे कळतं, तरी हे पत्र बसून, सावकाश आणि शेवटपर्यंत वाचावं. (शेवटपर्यंत हे महत्त्वाचं. माझ्या वर्गातल्या मुलांनी प्रश्नपत्रिका शेवटपर्यंत वाचली असती, तर त्यातली कितीतरी वरच्या वर्गात गेली असती.)

क्रूझ कशी झाली असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी नुसतं 'छान' म्हणाले, कारण आमचे हे शेजारीच उभे राहून माझ्या फोनच्या चार्जरची पिन तपासत होते. खरं काय ते आता लिहिते. सहल आमच्या चिरंजीवांनी दिली. आईबाबा निवृत्त झाले तरी घरातून हलत नाहीत म्हणून त्यानं परस्पर तिकिटं काढली आणि आम्हाला फक्त निघायची तारीख कळवली. जहाजावर दोन संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये थाटाचं जेवण असतं, त्याला फॉर्मल डिनर म्हणतात, आणि तेव्हा झाडून सगळे ठेवणीतले कपडे घालून येतात, हे मला खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. (त्या दरवर्षी जातात. मग आमची दाढ भरायला त्यांच्याकडे महिनामहिना वेळ का नसतो ते मला तेव्हा कळलं.) त्याच क्षणी मी ठरवून टाकलं, की ह्यांना सूट घालायचा.

मी सुटासाठी का हटून बसले ते तुम्हाला सांगायला हवं. मला सुटाचं कौतुक नाही. पण सुटातल्या माणसाला कुणी शिडीवर चढ म्हणत नाही, आणि सूट घालून गळका नळ दुरुस्त करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तुमचे बंधू इस्पितळाच्या वीजविभागात फोरमन. ऑपरेशन चालू असताना दिवे गेले तर काय होतं हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस एक कान फोनकडे ठेवूनच जेवतो, आणि फोन वाजला की घास तसाच टाकून उठतो. त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही, कारण तिकडे कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असायचा. पण इस्पितळ सुटलं तरी उठणं सुटलं नाही. लग्न कुणाचंही असो, वाढदिवस कुणाचाही असो, हे पाण्याच्या जगाशी नाहीतर फ्यूजच्या डबीशी, आणि मी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून ती अडवून बसलेली. शेवटी कुणीतरी विचारतं, 'इथे कुणी आहे का?', आणि मी पर्स उचलते. वन्सं, एक अख्खं जेवण नवऱ्याच्या शेजारी बसून जेवावं, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, एवढीच माझी इच्छा होती. ह्या वयात ती बोलून दाखवायची लाज वाटते, म्हणून मी सुटाचं निमित्त पुढे केलं.

तेवढ्यात चिरंजीवांचा संदेश आला. हा मुलगा शब्द असे जपून वापरतो, जणू संपले तर पुन्हा मिळणार नाहीत. 'फॉर्मल डिनर दोन. त्या संध्याकाळी बाबांना सूट, आईला साडी चालेल.' एवढंच. ह्यांनी तो मोठ्यानं वाचला आणि चेहरा असा खुलला की विचारू नका. म्हणाले, पोरालाच बापाची दया आली बघ, मला सूट आहे. मी चष्मा लावून पुन्हा वाचलं, आणि काय सांगू, मलाही तसंच दिसलं. बाबांना सूट म्हणजे माफी. आईला मात्र माफी नाही, साडीवर भागेल. मी जन्मभर श्लेष अलंकार फळ्यावर लिहून शिकवला. मुलांच्या वह्यांत 'क्रियापद कुठे?' असं लाल शाईनं इतक्या वेळा लिहिलं की शाळेनं मला लाल शाईची वेगळी बाटली दिली होती. आणि माझ्याच पोटच्या पोरानं क्रियापद गाळलं, ते मला दिसलं नाही. मी हिरमुसले, पण मुलाचाच शब्द म्हटल्यावर वाद संपला. ह्यांनी बॅगेत चौकड्याचे अर्ध्या बाह्यांचे शर्ट भरले, टेस्टर घेतला, काळी चिकटपट्टी घेतली. (समुद्रात चिकटपट्टी कुठे मिळणार, असं त्यांचं म्हणणं.) मी माझी जांभळी रेशमी साडी घेतली.

पहिल्या थाटाच्या संध्याकाळी आम्ही हॉलच्या दाराशी गेलो. दारात काळ्या कोटातले एक उंच गृहस्थ उभे होते. मी त्यांना जहाजाचे कप्तान समजून नमस्कार केला, पण ते तिथले मुख्य वेटर निघाले. त्यांनी ह्यांच्या चौकड्यांकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "साहेब, सूट?"

"आहे," हे म्हणाले.

"कुठे आहे?"

"फोनवर आहे. मुलानं कळवलंय."

त्या भल्या माणसानं जरा विचार केला. "मग घालून या ना," तो म्हणाला.

आता सवलत अंगात कशी घालायची ह्या विचारात हे पडले. मागे काळ्या कोटांची रांग वाढत होती, आणि हे त्या गृहस्थांना फोन दाखवून 'हे बघा, स्पष्ट लिहिलंय' म्हणत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला हसू आलं, लाज वाटली आणि संताप आला, सगळं एकदम. संताप मुलाचा नाही, माझ्यातल्या मास्तरणीचा.

मुख्य वेटर खरोखर दयाळू होते. विसरभोळ्या पाहुण्यांसाठी ते चारदोन कोट ठेवतात, पण त्या दिवशी विसरभोळे जास्त निघाले होते. मग त्यांनी आतून एक काळा कोट आणला. एका वेटरला समुद्र लागल्यामुळे तो दोन दिवस बादली घेऊन झोपून होता, त्याचा हा कोट. कोट ह्यांना चपखल बसला. पुढे सोनेरी बटणांची दुहेरी रांग होती. मला तर हे लष्करातल्या अधिकाऱ्यासारखे दिसले. मी म्हटलं, चला, झालं ते बऱ्यासाठीच झालं.

सूप आलं. मी चमचा उचलला, ह्यांनी चमचा उचलला, आणि मागच्या टेबलावरचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अहो, जरा पाणी." बटणं बघून म्हणाले, त्यांची काय चूक? आणि तुमचा भाऊ 'मी पाहुणा आहे' असं म्हणणाऱ्यातला नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. ते उठले. जग घेऊन आले. जग हातात दिसल्यावर पलीकडच्या टेबलानं हात केला. मग एका बाईंचे बटाटे गार झाले होते, ते ह्यांनी आत नेऊन गरम करून आणले, आणि त्यांचं नाव त्या अर्ध्या हॉलमध्ये झालं. खरे वेटर बोलवूनही येईनात आणि हे न बोलावता येत, मग लोक ह्यांनाच हाका मारणार. मध्ये एकदा ते आत गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मी सूप संपवलं. पुढचं ताट आलं, तेही संपवलं. आमच्या टेबलाच्या वेटरनं ह्यांच्या ताटावर झाकण घातलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. फोटोवाला जोडप्यांचे फोटो काढत फिरत होता. त्यानं विचारलं, साहेब येताहेत का? मी म्हटलं, येतील. तो दुसऱ्यांदा आला, मी म्हटलं, येतीलच आता. तिसऱ्यांदा त्यानं काही विचारलं नाही, माझा एकटीचाच काढला. मला रडू आलं, वन्सं. पदरानं डोळे पुसायला गेले, तर रेशमाला पाणी टिपता येत नाही. सगळं गालावर पसरलं.

गोड संपत आलं तेव्हा हे आले, चेहरा दिव्यासारखा लख्ख. म्हणाले, "तू जेवलीस ना नीट? अगं, आतल्या हॉटप्लेटला अर्थिंगच नाही." मी पर्स उचलली. बाहेर डेकवर आल्यावर सरळ सांगितलं, की मला आज तुमच्या शेजारी बसून जेवायचं होतं. पर्स ठेवून खुर्ची अडवायचा मला कंटाळा आला आहे. त्यांनी कोट काढला, नीट घडी केली, आणि पहिल्यांदाच त्या बटणांकडे बघितलं. मग म्हणाले, "मला कळलंच नाही." वन्सं, तुमचा भाऊ वाईट असता तर मला भांडायला किती सोपं गेलं असतं.

दुसऱ्या थाटाच्या दिवशी सकाळी हे मला न सांगता जहाजावरच्या भाड्याच्या कपड्यांच्या दुकानात गेले आणि एक निळा सूट घेऊन आले. एवढा एकच उरला होता, म्हणाले. तो कुणा काडीपैलवानासाठी शिवलेला असावा. बटणं लागली, पण श्वास आत ओढल्यावर. कोपरं वाकेनात. हात अंगापासून वीतभर लांब राहिले. परत करून या, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ह्यांना हात वर करता येत नाहीत. मी शब्द गिळला. फार घट्ट होतोय का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे, शोभून दिसतोय. (देव मला क्षमा करो.)

त्या संध्याकाळी ते मागचे म्हातारे गृहस्थ पुन्हा ह्यांना बघून खूश झाले आणि त्यांनी रिकामा ग्लास उंच धरला. हे अर्धवट उठले, पाठीत शिवण कुरकुरली, आणि खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या बंधूंनी हात आखडता घेतला. आमच्या डोक्यावरच्या झुंबरातला एक बल्ब फडफडत होता. सूप होईपर्यंत ह्यांची नजर तिथेच. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. ताटातलं मीच कापून दिलं, कारण सुरी चालवायला कोपर लागतं. आणि मग, दुसरा काही उद्योगच नसल्यामुळे, त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तू पहिला घास घेताना डोळे मिटतेस?" मी म्हटलं, हो. "कधीपासून?" मी म्हटलं, लहानपणापासून. बल्बकडे त्यानंतर त्यांनी पाहिलं नाही. फोटोवाला आला, त्यानं दोघांचा फोटो काढला. फोटोत ह्यांचे हात असे आहेत की समोर कुणी बंदूक रोखून उभं आहे असं वाटावं, पण ते आहेत माझ्या शेजारी, आणि बसलेले आहेत.

असो. पत्र फार लांबलं. भावोजींना नमस्कार, नवऱ्या मुलीला माझे खूप आशीर्वाद.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. : लग्नाच्या दिवशी हॉलचे दिवे, जनरेटर, पाणी आणि जेवणाची देखरेख तुम्ही ह्यांच्यावर सोपवली आहे, असं ह्यांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. तुम्ही त्यांना आईच्या मायेनं वाढवलंत, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. म्हणून त्यांना न सांगता तुम्हाला सांगते. ते काम दुसऱ्या कुणालाही द्या. नवऱ्या मुलीचा मामा आहे तो. त्याला पाहुण्यासारखं, माझ्या शेजारी बसू द्या.

आणखी एक ता. क. : वरच्या मजकुराचा राग आला तर तो कागद फाडून टाकावा आणि बाकीचं पत्र क्रूझच्या गमतीजमती म्हणून घरात सगळ्यांना वाचून दाखवावं. तुमच्याशी वितुष्ट आणण्याइतकी मी जेवणाची भुकेली नाही.

(इथून पुढचं अक्षर माझं आहे, ताई. ही पाकीट टाकायला मला देऊन गेली. ते नीट चिकटलेलं दिसेना, म्हणून पुन्हा चिकटवण्याआधी वाचलं. हिनं लिहिलंय तसंच कर. मला काम सांगू नकोस, कारण तू सांगितलंस तर मी करीन. जनरेटर तेवढा आदल्या दिवशी येऊन बघून जातो आणि मग ज्याला सांगशील त्याच्या ताब्यात देतो. आणि एक. त्या दुकानात माझ्या मापाचे सूट होते, चांगले दोन होते. मी मुद्दाम घट्ट मागून घेतला. सैल मिळाला असता तर पाणी मागितल्यावर मी उठलो नसतो, ह्याची माझी मलाच खात्री नव्हती. हे हिला कळवू नकोस. तिथे तेवढा एकच उरला होता, असंच तिला वाटू दे.)