शनिवारचा पेला

प्रिय रेमे,

टोपलीवरचं फडकं एवढ्यात काढू नकोस. आधी हे पत्र वाच, आणि भराभर वाच, कारण आतलं बर्फ वितळतंय. शाळेत तू धडा सुरू व्हायच्या आधी त्याची शेवटची ओळ वाचून ठेवायचीस, ते मी विसरलेले नाही. तुमच्या मठाच्या भिंतीतल्या त्या फिरत्या कपाटात टोपली ठेवताना मी सिस्टर कासिल्डाला बजावलं होतं की आत काय आहे ते हुंगायचं नाही. ती पलीकडून हसली, म्हणजे तिनं हुंगलं असणारच. आणि मठात तुला दुसऱ्याच नावानं हाक मारतात हे मला ठाऊक आहे. ते नाव मी कधी घेतलं नाही आणि आता या वयात घेणार नाही. माझा जन्म नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू कचेरीत गेला. एका माणसाला दोन नावं असली की माझं डोकं उठतं.

बातमी अशी की आपलं शनिवारचं टेबल मोडायला आलंय. हसू नकोस. शाळा सुटल्यापासून आपण ज्या खिडकीशी बसत आलो, आसुंताच्या खानावळीतली, जिथून मिस्तीचा डोंगर दिसतो, त्या टेबलावर गेले काही शनिवार नुसतं रणांगण आहे. आणि कशावरून, तर बिअरवरून. तू म्हणशील, त्यात भांडण्यासारखं काय? ज्याला जी हवी ती त्यानं प्यावी. बाई, तू इतकी वर्षं भिंतीआड राहून विसरलीस का, आपल्याकडे कशी पितात ते? बाटली एक, पेला एक. स्वतःचा घोट ओतून घ्यायचा, बाटली शेजारणीच्या हाती द्यायची, पिऊन झालं की तळाचा फेस जमिनीवर झटकायचा आणि पेलाही तिच्याकडे सरकवायचा. एका पेल्यात तीन तऱ्हेच्या बिअर कशा फिरणार? टेबल एक असेल तर बिअरही एकच हवी. कुठली, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मिळालं नाही तर सत्तरी ओलांडलेल्या तीन बायका शनिवारी आपापल्या घरी टीव्हीसमोर बसून सूप पिणार आहेत.

सुरुवात अर्थातच ग्रिसेल्डानं केली. मुलाकडे लिमाला जाऊन ईस्टरनंतर परत आली, ती केस कापून आणि जीभ वाढवून. आसुंतानं नेहमीसारखी आपल्या गावची बिअर आणली, सोबत भरलेल्या तिखट मिरच्या. ग्रिसेल्डा प्यायली, फेस झटकला आणि शांतपणे म्हणाली, "मुलींनो, खरं सांगू? ही प्यायले की मला भांडी विसळलेलं पाणी आठवतं. लिमाची पिऊन बघा एकदा." हे आपल्या आरेकिपात बसून, रेमे! खिडकीत अख्खा मिस्ती उभा असताना! माझ्या डोक्यात त्या डोंगरावरचं सगळं बर्फ शिरलं. आपल्या आया म्हणायच्या ना, हिच्यावर बर्फ पडलंय, आज हिच्या वाटेला जाऊ नका, तसं. मी तिला म्हटलं की तुझ्या नवऱ्याच्या बदल्यांमुळे तू बारा गावांचं पाणी प्यायलीस, त्यात तुझी जीभ वाहून गेली. ती म्हणाली की माझी जीभ निदान चव घेण्यासाठी आहे, तुझ्यासारखी लोकांना डसण्यासाठी नाही. इथपर्यंत ठीक होतं. असं आम्ही नेहमीच बोलतो.

पण मग दोमितिला बोलली. आपली दोमितिला, जिनं स्वतःच्या नवऱ्याबद्दलही कधी वाईट शब्द काढला नाही, आणि तो माणूस तर सगळे शब्द वापरून संपवण्याच्या लायकीचा होता. ती मिरचीतलं मांस काट्यानं बाजूला करत, ताटाकडे बघत पुटपुटली, "मला कुस्कोचीच आवडते. पहिल्यापासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." ग्रिसेल्डाचा राग मी गिळला असता, हा मात्र गिळवेना. म्हणजे इतकी वर्षं ही बाई माझ्या हातून बाटली घेत होती, माझ्याकडे बघून हसत होती आणि सभ्यपणाने पीत होती? सभ्यपणाने औषध प्यावं, बिअर नाही. मी पर्स उचलली आणि निघून आले. दारात आसुंता भेटली. ती नव्वदीला टेकलीय, तरी आपल्याला अजून पोरीच म्हणते. म्हणाली, "पोरींनो, माझी घरी आंबवलेली मक्याची चिचा सोडून तुम्ही ते बाटलीतलं पिता, तेव्हाच मी तुमच्यावर पाणी सोडलं होतं. आता कुठली बाटली यावर भांडताय?"

पुढच्या शनिवारी आम्ही समजूतदारपणा करून पाहिला. तिघींना तीन बाटल्या, तीन पेले. देवा! बस चुकलेल्या तीन अनोळखी बायका स्टँडवर बसाव्यात तशा आम्ही बसलो होतो. कुणी कुणाला काही देत नव्हतं, कुणी कुणाची वाट पाहत नव्हतं. ग्रिसेल्डाचा पेला अर्धा असताना माझा संपला आणि पुढे काय करायचं ते मला समजेना. हाताला सवय पुढे करायची. पुढे कुणी नाही. त्या दिवशी घरी जाताना तिघींच्याही लक्षात आलं की हे नको. त्यापेक्षा हरलेलं बरं. फक्त हरायचं कुणी, यावर एकमत होईना.

मग आम्ही रीतसर प्रचार केला. ग्रिसेल्डानं तिच्या शनिवारी लिमाची बिअर आणली, सोबत लिंबातली मासळी, आणि इतकं थंड करून आणली की चवीआधी दात दुखले. दोमितिलानं कुस्कोची आणली, आणि ती ओतताना तिचा चेहरा असा काही उजळला होता, रेमे, की मला ती सोळा वर्षांची दिसली. मी तेव्हाच थोडी चरकले. इतक्या वर्षांत आपल्या गावची ओतताना ती अशी कधी दिसली नव्हती. माझ्या शनिवारी मी काय केलं? काही नाही. रविवारी पहाटे खायचा तो डुकराच्या मांसाचा रस्सा आसुंताकडून शनिवारीच करून घेतला, कांदा घातलेला, लालभडक, सोबत तिकोनी पाव, आणि आपली बिअर. माझ्या मते तेवढं पुरेसं होतं. मतदान झालं. प्रत्येकीनं आपापल्या बिअरला मत दिलं. ग्रिसेल्डाच्या जावयानं मध्येच घरी बनवलेली आंब्याच्या वासाची कसलीशी बिअर पाठवली होती. तिच्याविरुद्ध मात्र आम्ही तिघी एकदिलाने उभ्या राहिलो. पुष्कळ दिवसांनी झालेलं ते पहिलं एकमत.

तेव्हाच तुझं नाव निघालं. तुला शाळेच्या वसतिगृहाची ती गच्ची आठवते का? शेवटच्या वर्षाची मिरवणूक संपली होती, नन जेवायला गेल्या होत्या आणि तुझ्या वडिलांच्या गाडीतून तू एक बाटली स्कर्टमध्ये लपवून आणली होतीस. पेला नव्हता म्हणून दोमितिलाचा दात घासायचा मग घेतला. आम्ही तिघींनी नुसतं तोंड वाकडं केलं आणि आम्ही मोठ्या झालो असं मानलं. तू मात्र डोळे मिटलेस. इतका वेळ मिटलेस की ग्रिसेल्डाला वाटलं तुला चक्कर आली. मग म्हणालीस, "हिला उन्हात वाळत घातलेल्या चादरींचा वास आहे." आम्ही परत प्यायलो, आणि खरंच होता. त्या दिवसापासून मी बिअर कधी नुसती प्यायले नाही; दर वेळी त्या चादरी शोधल्या. तुझी जीभच तशी होती. सूप चाखून तू सांगायचीस की आज स्वयंपाकाला कुठली नन होती आणि तिचं मदर आन्सेल्माशी भांडण झालंय की नाही. अशी जीभ घेऊन तू मठात गेलीस, जिथे लोक चव सोडायला जातात. त्याबद्दल मला काय वाटलं ते मी तेव्हा सांगितलं होतं आणि आज परत सांगणार नाही. मात्र माझं मत बदललेलं नाही, एवढं नोंदवून ठेव.

एक गोष्ट तुला कधीच सांगितली नाही. तू आत गेल्यावर पहिल्या शनिवारी पेला फिरताना तुझी पाळी आली आणि सगळं थांबलं. मग मी तळाचा फेस जमिनीवर झटकला आणि म्हटलं, हा रेमेचा. तेव्हापासून ती रीतच पडली. घोट आपला, फेस रेमेचा. आसुंताच्या फरशीवर त्या जागी डाग आहे. तिची सून तो घासून घासून थकली.

तर निर्णय तू द्यायचास असं ठरलं आणि आम्ही आसुंतासमोर शब्द दिला की तू जी निवडशील ती मरेपर्यंत प्यायची, तक्रार करायची नाही. तू बाटलीवरचं गाव बघून भुलू नयेस म्हणून दोमितिलानं तिन्ही बाटल्या रात्रभर पाण्यात ठेवून वरची लेबलं काढून टाकली. झाकणांवर तीन रंगांचे धागे बांधलेत. कुठला कुणाचा ते विचारू नकोस. मला माहीत आहे, पण मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय, फसवणूक मला नीट जमत नाही.

तुमच्या मुख्य मदरची परवानगी काढायला मी गेले तेव्हा काळा पोशाख केला होता आणि भाषण पाठ केलं होतं. जाळीच्या पलीकडे मदर बेनिग्ना, अलीकडे मी. मी आपली शाळेतल्यासारखी मैत्री, परंपरा, प्रकृतीला मानवेल इतपतच, डॉक्टरांना विचारलंय, असं सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "थंड असेल ना?" मी म्हटलं, बर्फात पाठवते. त्या म्हणाल्या, "मी समुद्रकाठची आहे, बाई. कोमट बिअर पाजणं पाप नाही, पण माझ्या घरी त्याला माफी नव्हती." मला ती बाई आवडली. तुला पन्नास वर्षं आत ठेवणाऱ्या लोकांपैकी कुणी मला आवडेल असं वाटलं नव्हतं.

आता खरं सांगते, कारण बर्फ थांबणार नाही. मतदान झालं त्या शनिवारी मी तुमच्याकडची बदामाची मिठाई घ्यायला आले होते, तेव्हा सिस्टर कासिल्डानं कपाट फिरवायच्या आधी हळूच सांगितलं की तापातून उठल्यापासून तू ताट तसंच परत पाठवतेस. विचारलं तर म्हणतेस, सगळं ओल्या कागदासारखं लागतं. आणि मागत काहीच नाहीस. मी ती मिठाई घेऊन थेट आसुंताकडे गेले. भांडण तेव्हा ऐन भरात होतं. मी त्यांना सांगितलं. पंच म्हणून तुझं नाव मी नाही काढलं. ग्रिसेल्डानं काढलं, त्याच कापलेल्या केसांच्या ग्रिसेल्डानं. म्हणाली, "तिला निवडायला लावू या. निवडायचं म्हटलं की चाखावं लागेल." म्हणून हे पत्र, म्हणून ही टोपली. रेमे, कुठलीही निवड. लिमाची निवडलीस तरी मी ती पिईन, आणि दर घोटाला तुला शिव्या देईन, आणि आनंदानं देईन. तीनपैकी दोन नको म्हण आणि एक हवी म्हण, एवढंच आम्हाला ऐकायचंय. पहिल्या घोटाला कागदच लागला तर डोळे मिट आणि थांब. तू त्या गच्चीवरही थांबली होतीस. आता फडकं काढ. आसुंताचा जाड पेला बर्फाच्या शेजारी आहे, तो परत पाठव, शनिवारी लागतो. घोट तू घे. आणि या वेळी फेस तुमच्या अंगणात झटक, आमच्या तिघींच्या नावानं.

वाट पाहत, आणि अजून रागातच,
तुझीच
सोइला