फुली नसलेलं पुस्तक

ता. ७ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं आयुष्य सोमवारी सकाळी साडेदहाला बदललं. वेळ मुद्दाम सांगतो, कारण तू नंतर वकिलासारखी उलटतपासणी घेतेस. मी बाइंडिंगच्या टेबलाशी खळ ढवळत उभा होतो. समोरच्या चष्म्याच्या दुकानातली मुलगी आत आली आणि तिनं दोन जुनी पुस्तकं टेबलावर ठेवली, झोपलेलं बाळ ठेवावं तशी. बास, एवढंच. हसायचं असेल तर हसून घे.

पुस्तकं तिच्या बाबांची. ते टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते, आता निवृत्त. घरात पुस्तकांचा ढीग आहे म्हणे, पण त्यांचा जीव या दोनांतच: एक पक्ष्यांवरचं, आणि एक जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या आठवणींचं. स्वयंपाक्याचं पुस्तक ते दरवर्षी एकदा वाचतात. वाचताना त्या दिवशी जे काही बरं घडलं असेल ते शाईनं समासात लिहून ठेवतात. तीस वर्षं चाललंय हे. मी चोरून वाचलं, खोटं कशाला बोलू. ‘आज इस्त्रीचा शर्ट घातला, अजून कोमट होता.’ ‘लेकीला शिट्टी वाजवता आली.’ ‘तासभर एकही फोन नाही, ऊन टेबलापर्यंत आलं.’ आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून ती रोज कामावरून आली की एक पान वाचून दाखवते, आधी छापलेलं, मग समासातलं. ती सांगत होती की बाबा छापलेल्याला मान डोलावतात आणि समासातल्याला हसतात.

मालकांनी, म्हणजे काकांनी, स्वयंपाक्याचं पुस्तक माझ्या हातात दिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच शिलाई एकट्याच्या भरवशावर. मी जीव ओतला ताई. लायब्ररीच्या पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा खोडायचं काम रोज माझ्याचकडे असतं, त्यामुळे हात बसलाय. शाईला धक्का न लावता पान न् पान पुसलं. पहिल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीच्या रेघोट्या मारल्या होत्या, त्याही साफ केल्या. पान असं झालंय की त्यात तोंड पाहावं.

आईला यातलं अवाक्षर कळवू नकोस. तिला अजून वाटतं मी कॉलेजात परत जाणार आहे.

लोभात काटछाट नको.
तुझा,
तडतड्या

ता. १२ जानेवारी

चि. तडतड्या यास,
अ. उ. आ.

साडेदहा वाजता प्रेमात पडलास हे वाचून बरं वाटलं. म्हणजे निदान दहाला कामावर पोचतोस. मुलगी चष्म्याच्या दुकानातली आहे म्हणतोस, तर तिला तू नीट दिसला असशील असं धरून चालते. पुढचा सल्ला तुला भाऊ समजून नाही, पेशंट समजून देते: तिच्यासमोर कमी बोल. तुझं बोलणं सुरू झालं की माणसं खुर्ची मागे सरकवतात.

तुझं पत्र ह्यांना जेवताना वाचून दाखवलं. कोमट शर्टापाशी हे घास हातात धरून थांबले. मग म्हणाले, या गृहस्थांना भेटायला पाहिजे. तुला म्हणून सांगते, तेव्हापासून मीही ड्युटीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले आहे. आजचं हे: सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांनी आठवड्यात पहिल्यांदा ताट रिकामं केलं, आणि वर मीठ कमी होतं म्हणून माझ्यावर खेकसले.

आईला काही सांगितलेलं नाही. पण कॉलेजचं एकदा बोलतेच. तू कॉपी केली नव्हतीस हे मला माहीत आहे. सरांनी भर वर्गात आरोप केला तेव्हा ओरडून निघून येण्याऐवजी दोन मिनिटं थांबून सांगितलं असतंस, तर ते सरांनाही माहीत झालं असतं. असो. आता तुझ्या हाताला खळ लागली आहे, तर तिथं तरी चिकटून राहा.

जेवणाची आबाळ करू नकोस आणि या बहिणीला विसरू नकोस.
तुझी,
ताई

ता. १६ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळं संपलं. पुस्तक कापलं गेलं.

तुला समजावं म्हणून सांगतो. लायब्ररीची पुस्तकं शिवून झाली की कटिंग मशीनखाली घालून तिन्ही बाजूंनी कडा कापतात, म्हणजे पानं एकसारखी दिसतात. घरगुती पुस्तक असेल आणि कडा राखायच्या असतील, तर काका घेतानाच पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं फुली मारतात. फुली दिसली की कापायचं नाही. चाळीस वर्षं दुकान या एका खुणेवर चाललंय. बुधवारी माझं शिवलेलं पुस्तक लायब्ररीच्या गठ्ठ्याशेजारी होतं. काकांनी पहिलं पान उघडून पाहिलं, फुली नव्हती, त्यांनी कापलं. मी खळीचं भांडं घासून परत आलो तेव्हा कात्रण पोत्यात गेलेलं होतं.

समासातल्या प्रत्येक ओळीचं शेपूट गेलं ताई. ‘लेकीला शिट्टी वाज’. ‘ऊन टेबलाप’. बाहेरच्या कडेला एका माणसाची तीस वर्षं होती आणि ती सुरीखाली गेली.

मग मी काकांना नको नको ते बोललो. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर. डोळे गेलेत तर मशीनवर कशाला बसता, इथपर्यंत गेलो. काकांनी एकच सांगितलं, फुली नव्हती. मग तेच खालच्या आवाजात पुन्हा, स्वतःलाच विचारल्यासारखं. तेव्हापासून ते मशीनला हात लावत नाहीत. मला म्हणाले की ती पुढच्या शनिवारी पुस्तक न्यायला येईल तेव्हा चूक माझी म्हणून मी सांगेन, तू मधे पडू नकोस.

मला इथं राहणं नको झालंय. तुझ्याकडे चार दिवस येऊ का? आलो की बोलू.

तुझा,
तडतड्या

ता. १९ जानेवारी

चि. तडतड्या यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग तुझं सात तारखेचं पत्र काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली. कोऱ्या पानाच्या कोपऱ्यातल्या ज्या रेघोट्या तू एवढ्या प्रेमानं खोडल्यास, त्या किती होत्या रे? दोन होत्या का, एकमेकींवरून गेलेल्या?

यापुढे मी काही लिहायला नको, पण लिहिते, कारण मी तुझी बहीण आहे. काकांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. ते मात्र तसं धरून बसले आहेत आणि ते शनिवारी त्या मुलीला तसंच सांगणार आहेत. ती त्यांना क्षमा करेल, तुझ्याकडे बघून हसेलही, आणि ते हसू तुला पुरेल का याचा विचार कर. मी तुला ओळखते. नाही पुरणार.

आणखी एक. तुझ्या डोक्यात शिरायच्या आधीच सांगते, त्या तुटलेल्या ओळी आपल्या मनानं पुऱ्या करू नकोस. लेकीला शिट्टी वाजवता आली हे तुला पाठ असेल, बाकीचं नाही. दुसऱ्याचं सुख आपण रचायचं नसतं.

घर तुझंच आहे. ये, पण रविवारी ये. शनिवारच्या आधी आलास तर ह्यांना सांगून ठेवलंय, परतीच्या गाडीत बसवून देतील.

रागावले नाही. काळजीत आहे.
तुझी,
ताई

ता. २३ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दोनच होत्या.

आणि खरं ऐक. ते मला तुझ्या पत्रानं नाही कळलं. काकांवर ओरडताना, डोळे गेलेत म्हणालो त्याच वाक्यात, खोडरबर धरलेला माझाच हात डोळ्यांसमोर आला. वाक्य तरी पुरं केलं. थांबलो असतो तर कळलं असतं सगळ्यांना. तुला पत्र लिहितानाही माहीत होतं. वाटलं होतं, पहिल्या पत्रातल्या त्या रेघोट्या तूही मनातून खोडल्या असशील.

काल सकाळी काकांना सांगितलं. पहिल्या दिवशी तुम्ही फुलीचं समजावत होतात तेव्हा मी मान हलवत होतो, ऐकत नव्हतो, हेही सांगितलं. ते स्टुलावर बसले. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला. अर्धा प्याले. मग म्हणाले, वाचवलंस, मी आज समोरच जाणार होतो, डोळे तपासायला. तिच्याकडेच. मी हसलो ताई, आणि मग मला हसता येईना.

नंतर त्यांनी कात्रणाचं पोतं जमिनीवर उलटं केलं. काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत आम्ही दोघं गुडघ्यावर बसून शोधत होतो. लायब्ररीच्या पट्ट्या कोऱ्या पांढऱ्या, याच्या पिवळट, आणि कडेला शाईचे ठिपके. एकेक पट्टी बोटाएवढी रुंदही नाही. काका भिंगाशिवाय माझ्यापेक्षा जास्त शोधतात आणि प्रत्येक सापडलेल्या पट्टीला माझ्याकडे बघतात, म्हणजे डोळे कुणाचे गेले ते मला कळावं. दोनशे चाळीस पानांपैकी एकसष्ट पानांच्या पट्ट्या मिळाल्या. बाकीच्या बुधवारच्या पहिल्या पोत्यात रद्दीवाल्याकडे गेल्या. ‘वता आली’ सापडलं. उन्हाचं नाही सापडलं. मी काही चिकटवलं नाही, पुरं केलं नाही. पानांच्या आकड्यांप्रमाणे लिफाफ्यात लावून ठेवलंय. चिकटवायचं की नाही ते तिच्या बाबांनी ठरवायचं.

पक्ष्यांचं पुस्तक अजून शिवायचं आहे. काकांनी ते कापडात गुंडाळून माझ्या पिशवीत घातलंय. म्हणाले, आधी सगळं सांग, मग विचार की हे आमच्याकडे ठेवता का परत नेता. ते सोबत येणार नाहीत. मी विचारलं होतं.

ती उद्या येणार, पण उद्यापर्यंत मी टिकणार नाही. इथून खिडकीतून दिसतेय. गिऱ्हाईक नाही, एका काचेवर फुंकर मारून पुसतेय. ती पुन्हा कधी या दुकानात पाऊल टाकणार नाही, असंही होईल. तिचे बाबा आज कुठलं पान ऐकायचं म्हणून बसले असतील, ते मला डोक्यातून काढता येत नाही.

आईला मीच लिहीन, कॉलेजचंही. ह्या वेळी आशीर्वाद जरा घसघशीत दे, बाकी लोभ होता तसाच चालेल.

तुझा,
तडतड्या

ता. क. काकांनी विचारलं, पत्र संपवतोस का त्या मुलीचं दुकान बंद व्हायची वाट बघतोस. पत्र पेटीत तेच टाकतील. पिशवी खांद्याला आहे, कापलेलं पुस्तक हातात, लिफाफा वरच्या खिशात. निघालो, दार लावून घेतो.