कोऱ्या चेकवरची सही

नांदेड, ४ ऑगस्ट २०२५

ती. अण्णांना शिवकन्येचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

कानाचं मशीन डब्यात ठेवून तुम्ही निलंगाभर फिरून राहिलात, हे आईनं फोनवर कळवलं. पंधरा हजार काय त्या डब्याला ऐकू यावं म्हणून घातले का?

आता पुढचं. हे मोबाईलवर लिहायची माझी हिंमत नाही; एकानं फोटो काढला की दोन जिल्ह्यांत फिरतं. परवा जळकोटहून वर्षाराणी आल्या होत्या. त्यांचे मालक शिवकुमार, आपल्यातलेच लॅबवाले, जानेवारीत गेले. आपल्या तंत्रज्ञ संघाचा रिवाज तुम्हीच घालून दिलेला: सभासद गेला की प्रत्येकानं पाचशे काढायचे आणि सगळे त्याच्या घरी द्यायचे. एकशे चाळीस जणांनी दिले, सत्तर हजार झाले. त्यातला एक रुपया त्या बाईला मिळालेला नाही. कोषाध्यक्ष मी, म्हणून माझ्याकडं आल्या. लॅबच्या बाकावर तासभर बसल्या, चहाला हात लावला नाही.

अण्णा, मला त्यांच्याकडं बघवेना. चेकवर अध्यक्षांची आणि माझी, दोन सह्या लागतात. अध्यक्ष आप्पासाहेबकाका लातूरला, मी इथं. दर वेळी कोण येणार-जाणार, म्हणून नवं चेकबुक आलं की मी सगळ्या कोऱ्या चेकवर सह्या करून त्यांच्याकडं पाठवते. माझ्याआधी बारा वर्षं तुम्ही कोषाध्यक्ष होता, तुम्हीही असंच करायचात. मग पैसे कुठं गेले, हे मी कुणाला विचारू? वार्षिक सभा एकतीस तारखेला लोह्याला आहे.

माया आहे तशीच राहू द्यावी. मशीन डब्यातून काढावं.

तुमची,
शिवकन्या

*

निलंगा, ९ ऑगस्ट

चि. सौ. शिवकन्या हिला अण्णाचे अनेक आशीर्वाद.

मशीन घातलं की एसटी स्टँडावरचा सगळा कालवा डोक्यात शिरतो, आणि ज्याचं ऐकायचं त्याचं तेवढं ऐकू येत न्हाई. त्यापेक्षा आपली वही बरी. ज्याला बोलायचंय तो वहीत लिहितो. तुझी आई तर लिहिताना बी भांडते.

तू राईचा पर्वत करून राहिलीस. आप्पासाहेबाला मी चाळीस वर्षं ओळखतो. संघ आम्ही दोघांनी उभा केला. सभेत हिशेब कधी वाचला न्हाई, कारण कुणी मागितलाच न्हाई. जेवणाआधी हात वर, मंजूर, की पंगत. दोन वर्षांमागं तुझ्या आईच्या हृदयाच्या ऑपरेशनला एक लाख वीस हजार कुणी भरले, ते आठव. माझी पेन्शन तवा अडकलेली, जवळ दमडी नव्हती. त्या माणसानं एका शब्दावर भरले. तुझी लॅब निघाली तवा पाठीशी उभा राहिला तो बी तोच. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, बाई. त्या बाईचा चेक कुठंतरी अडकला असंल. विचार, देतील.

व्यंकटरावांना नमस्कार, बारकीला पापा. आमच्यावरचा जीव कमी होऊ देऊ नको.

तुझा,
अण्णा

*

नांदेड, १६ ऑगस्ट

ती. अण्णांना शिवकन्येचा नमस्कार, वि. वि.

तुमच्या शब्दाखातर काकांना फोन केला. सभा होऊ दे, मग बघू, म्हणाले. मला राहवेना. बँकेत गेले आणि संघाच्या खात्याचा तीन वर्षांचा उतारा काढला. कोषाध्यक्ष असून त्या बँकेची पायरी मी पहिल्यांदा चढले, लिहायला लाज वाटते. वर्षाराणींचे सत्तर हजार जमले त्याच आठवड्यात रोखीनं निघालेत. चेकवर सही माझी.

तपासल्याशिवाय रिपोर्टवर सही करायची नाही, बाटलीवर नाव नसेल तर हात लावायचा नाही, हे तुम्ही मला शिकवलंत. तेरा वर्षांत मी एक रिपोर्ट तसा दिला नाही. आणि पन्नास कोऱ्या चेकवर टीव्ही बघत बघत सह्या करून टाकल्या!

उतारा काढल्याचं काकांना दुसऱ्याच दिवशी कळलं. कसं कळलं, देव जाणे. पेढे घेऊन लॅबवर आले. बारकीची शाळा किती वाजता सुटते, रिक्षा कुणाची, सगळं मायेनं विचारलं. जाताना म्हणाले की चेकवर पहिली सही तुझी असते पोरी, मी तर मागून करतो, एवढं ध्यानात ठेव. अण्णा, ते नेहमीसारखेच हसत होते. तेव्हापासून बारकीला आणायला मी स्वतः जाते. शाळा सुटायच्या अर्धा तास आधीच फाटकापाशी उभी राहते.

अजून एक. १२ जून २०२३, एक लाख वीस हजार. आईचं ऑपरेशन झालं त्या दवाखान्याच्या नावानं, आपल्या संघाचा चेक. त्याच्यावरही माझी सही. तुम्हाला हे ठाऊक होतं का? हो की नाही, एवढंच लिहा.

तुमची,
शिवकन्या

*

निलंगा, २० ऑगस्ट

चि. शिवकन्या, आशीर्वाद.

न्हाई. तुझ्या आईच्या डोक्यावर हात ठेवून लिहितो, न्हाई.

आता तू मला माफ कर. ते पैसे त्याच्या खिशातले समजून मी फेडले. दर महिन्याला पेन्शन काढली की पाच हजार त्याच्या हातात. चोवीस महिने. जूनमध्ये शेवटचे दिले तवा त्यानं मला मिठी मारली. तुला सांगितलं न्हाई, लेकीनं कशाला काळजी करावी म्हणून. पावती घेतली न्हाई. दोस्ताकडं पावती कोण मागतो? उताऱ्यात ते पाच-पाच हजार कुठं दिसतात का, बघ. दिसणार न्हाईत, हे लिहितानाच मला कळून राहिलंय.

काल लातूरला त्याच्या घरी गेलो. वही पुढं केली. चाळीस वर्षांत ह्या माणसानं मला शिव्या सुद्धा वहीत लिहून दिल्यात. काल त्यानं पेन हातात घेतलं, टोपण लावलं आणि माझ्या खिशाला अडकवून दिलं. लिहिलं काहीच न्हाई, नुसता तोंडानं बोलत राहिला. ऐकू आलं न्हाई, पण ओठ दिसत होते. शिवकन्याची सही, शिवकन्याची सही, दोनदा म्हणाला.

तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईच्या कुंकवाचे पैसे ह्यानं गिळले, आणि मी बी तसल्याच पैशावर जिती हाय व्हय? कालपासून जेवली न्हाई.

जपून राहा.

अण्णा

*

नांदेड, २४ ऑगस्ट

ती. अण्णांना नमस्कार.

उतारा दोनदा पाहिला. तुमचे पाच हजार कुठंच नाहीत.

काकांनी सभेसाठी एका पानाचा हिशेब करून पाठवलाय. खाली माझ्या सहीची जागा मोकळी. व्यंकटराव म्हणतात, सही कर, राजीनामा दे आणि मोकळी हो. मीही रात्रभर तेच घोळवते. पोलिसांत गेलं तर आधी मीच आत जाईन. कोषाध्यक्षीणबाईनं विधवेचे पैसे खाल्ले, संघाच्या पैशात आईचं ऑपरेशन केलं, असं एकदा झालं की नांदेडात कोण माझ्याकडं रक्त द्यायला येईल?

एक विचार येतो आणि माझा मलाच राग येतो. सगळं वाचायचं, फक्त दवाखान्याची ती एक ओळ गाळायची. तुमचं नाव येणार नाही, आईचं येणार नाही. वर्षाराणींचं काम तरी होईल. गाळू का? मला लई भीती वाटते, अण्णा. तुम्ही सांगाल तसं करते.

तुमची,
शिवकन्या

*

निलंगा, २७ ऑगस्ट

चि. शिवकन्या हिला आई-अण्णाचे आशीर्वाद.

गाळू नको. ती ओळ गाळलीस तर उद्या तो तीच ओळ काढून दाखवील, आणि मग तुझ्या बाकी ओळींवर कुणी इश्वास ठेवणार न्हाई. त्याच्या पानावर सही करू नको. पूर्ण उतारा वाच, आणि दवाखान्याची ओळ सगळ्यात आधी वाच. मग वर्षाराणीचे सत्तर हजार. भ्या मला बी वाटतं. चाळीस वर्षं ज्या माणसांनी मला पहिल्या पंगतीत बसवलं, त्यांच्यासमोर उभं राहायचंय. पण कोऱ्या चेकवर सही करायची खोड तुला मीच लावली. त्याचा जाब तू एकटीनं का द्यायचा?

ते एक लाख वीस हजार मी पुन्हा फेडीन. ह्या बारीला बँकेतून, पावती घेऊन, आणि पहिला हप्ता वर्षाराणीच्या नावानं. तुझी आई कबूल झाली, काल भाकर बी खाल्ली.

शनिवारी सकाळच्या एसटीनं दोघं येतो. रविवारी लोह्याला मी पुढच्या रांगेत बसतो. मशीन घाल म्हणतेस तर घालीन, पण त्या गलक्यात मला काही ऐकू येणार न्हाई. म्हणून एवढंच कर. ती ओळ वाचताना माझं नाव घे, आणि कागदात तोंड खुपसू नको, माझ्याकडं तोंड कर. तुझ्या ओठांवर माझं नाव मला ओळखू येतं. ते दिसलं की मी उभा राहतो.

भेटीपर्यंत जीव सांभाळून राहा.

तुझा,
अण्णा