अम्मीची जागा

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

भूकंपानंतर घेतलेल्या मुलाखतींच्या कॅसेटी आमच्या ग्रंथालयानं वेबसाइटवर टाकल्या. त्या ऐकतं कोण, हे शोधायचं काम माझ्याकडं. मला वाटायचं, संशोधक ऐकत असतील. क्लासची पोरं तर जुन्या प्रश्नपत्रिकांपलीकडं बघतच नाहीत.

आज रफिकभाई आले. त्या पोरांसाठी मेस चालवतात. त्यांच्या अब्बांची मुलाखत लावून दिली. थोडं ऐकून त्यांनी हेडफोन काढला.

"मॅडम, यात अम्मी कुठं हाय?"

त्यांची मुलाखत घेतलीच नव्हती, म्हटलं.

"मी तिथंच बसलो होतो ना! पाहुण्यांसमोर ती यायची न्हाई. पण अब्बा अडले की पडद्यामागून सांगायची. आता ती न्हाई, अन् तिचा आवाज दुसरीकडं कुठंच न्हाई."

अब्बा मध्येच गप्प होतात तेव्हा काही आठवत असतील, असं मी समजत होते. वेबसाइटवर टाकताना मागचे आवाज काढायचा नियमच होता. कोंबडा, भांडी, कुणाचं तरी बोलणं. स्वच्छ ऐकू यावं म्हणून. पण कुणाला? मूळ कॅसेट उद्या कपाटात शोधते, असं मी म्हटलं खरं. सापडेल?

रफिकभाईंनी अब्बा अडतात ती जागा परत लावली, या वेळी स्पीकरवर.

"आमच्या भिंतीला भिंत लागून त्या... काय नाव बरं..." आणि मग ती शांतता.

रफिकभाई हळूच म्हणाले, "शांताबाई."

"हाव, शांताबाई," कॅसेटमधले अब्बा म्हणाले.