उजव्या हाताचा मोजा

सोमवार, ३ जुलै
शाळेतून आलं: सहा सफरचंदं, ग्लुकोजचे दोन पुडे, मोठ्या बाईंची चिठ्ठी — 'काळजी घ्या.' पडलेली किंमत: यांचा उजवा हात.

हात जागेवर आहे म्हणा. अठरा वर्षं शिपाई म्हणून राबले त्या शाळेत. शुक्रवारी तिसरीतली एक पोर घसरगुंडीवरून पडली, हनुवटी फुटली. यांनी रबरी मोजे चढवले, तिला उचलून दवाखान्यात नेलं. वाटेत उजवा मोजा तळव्यात टरकला. आदल्याच दिवशी कुंपणाची तार ओढताना तळहात कापलेला — त्या जखमेत तिचं रक्त गेलं. पोरीच्या आईनं रडत रडत डॉक्टरांना सांगितलं, हिच्या रक्तात कावीळ आहे, जन्मापासून. बिचारीनं लपवलं नाही. त्या मायलेकींवर माझा राग नाही.

राग मोठ्या बाईंवर. मोजे कोणी घेतले? मुख्याध्यापिका त्या. आणला असेल कुठला तरी भुक्कड माल!

४ जुलै
डॉक्टरांनी त्याच दिवशी दोन सुया टोचल्या. रक्त पुन्हा तपासणार. शेवटचं सहा महिन्यांनी. तोवर नुसतं वाट बघणं. हे म्हणतात, "पोरांना लस टोचताना दंड धरायला मी. माझा धरायला मात्र कुणी नाही." हसतात वर. मला हसू येत नाही.

६ जुलै
जपाला बसले. मण्यामण्याला मोठ्या बाई. शेवटी सरळच मागितलं — देवा, ज्याच्या हातून हे झालं त्याला अन्न गोड लागू देऊ नकोस. असं मागू नये, कळतं मला. मागितलं.

८ जुलै
शिक्षणाधिकाऱ्यांना तक्रार लिहिली. तीन पानं. मॅट्रिकला मराठीत वर्गात पहिली होते, ते आज कामी आलं. 'निकृष्ट हातमोजे पुरवून कर्मचाऱ्याच्या जिवाशी खेळ केला.' हे म्हणाले, "नको धाडू. जाऊ दे."
म्हटलं, "जन्मभर जाऊ देच केलंत तुम्ही."
 शेळपट माणूस. मीच टपालात टाकून आले.

१९ जुलै
चौकशी लागली.

२४ जुलै
मोठ्या बाईंचा कार्यभार काढून घेतला! निवृत्तीला दहा महिने उरले होते म्हणे. आता साधा वर्ग घेतात. बाजारात दिसल्या, मान खाली. मी मुद्दाम समोरून गेले. "काय बाई, बरं आहे ना?"
त्या म्हणाल्या, "त्यांचा हात कसा आहे?"
मी पाठ फिरवली. घरी येऊन देवापुढे एकाऐवजी दोन वाती लावल्या. यांनी विचारलं कशाबद्दल. सांगितलं. अर्ध्या ताटावरून उठले.

२ ऑगस्ट
दवाखान्यातली नर्स घरी आली, यांना पुढची सुई द्यायला. हात धुवायला मागच्या अंगणात गेली ती तिथंच उभी.
"ताई, दोरीवर काय वाळतंय हे?"
"मोजे. यांचे, शाळेतले. रोज घरी आणतात. मी ब्लीचमध्ये भिजवते, धुते, पावडर लावून घडी घालते. एक जोडी दोन महिने काढते मी."
शाबासकी देईल असं वाटलं. ती पायरीवर बसली. म्हणाली, "अहो, हे एकदा घालून फेकायचे असतात. ब्लीचनं रबर कुजतं." मग यांच्याकडे बघून, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"
"मोठ्या बाई रोज सांगायच्या," हे म्हणाले. "रोज नवी जोडी घ्या म्हणायच्या. पेटी उघडीच असायची." माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला टाकलेलं आवडत नाही."

इतके दिवस मी यांना शेळपट म्हणत होते.

निघताना नर्स दारात हळूच म्हणाली, "मी काही पाहिलं नाही. तुम्हीही कुठं लिहू नका. शाळा औषधाचा खर्च बंद करेल."

३ ऑगस्ट
अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. या खेपेला तीन ओळी. यांना वाचून दाखवलं, चष्मा काढून ऐकत होते.
'हातमोजे उत्तम होते. मी ते धुऊन धुऊन कुजवले, म्हणून फाटले. मोठ्या बाईंना त्यांच्या जागी परत कधी बसवता, ते उलट टपाली कळवावे.'